शनीला चंद्र किती?

१. एक पुस्तक की तीन?

“एका ग्रहाची माहिती लिहून आणायला सांगितलंय. कुठलं पुस्तक द्यावं?” पाचवी ते सातवीतल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. बहुतेकांना एकाच पुस्तकाचं नाव हवं असतं. ते मिळालं की मूल दोन पानं उतरवून काढतं, वर रंगीत चित्र चिकटवतं आणि प्रकल्प संपतो. महिनाभरानं त्याच मुलाला शनीबद्दल काही विचारा. शनीला कडी आहेत, एवढंच ते सांगेल, आणि तेवढं त्याला प्रकल्पाच्या आधीपासूनच माहीत होतं.

म्हणून माझं सांगणं असं, की एक पुस्तक देऊ नका, तीन द्या. जमलं तर तीन वेगवेगळ्या काळांतली द्या. तिन्ही पुस्तकं एकच गोष्ट सांगणार नाहीत, हे मला आधीच माहीत आहे, आणि मुलाला त्याच ठिकाणी आणून सोडायचं आहे. दोन पुस्तकांचं एकमेकांशी पटेनासं झालं, की मूल पहिल्यांदा मान वर करून विचारतं, “मग खरं कुठलं?” उतरवून काढणाऱ्या मुलाला हा प्रश्न कधीच पडत नाही.

या प्रकरणात आपण शनी घेऊ. बेळगाव-निपाणी भागातल्या घरांत या ग्रहाचं नाव मुलांच्या कानावरून आठवड्यातून एकदा तरी जातंच. शनिवारचा उपास, मारुतीला तेल, कुणाची तरी चालू असलेली साडेसाती. ओळखीच्या नावापासून सुरुवात केली की मुलाचे प्रश्न त्याचे स्वतःचे असतात.

२. आधी प्रश्न, मग पुस्तक

पुस्तक उघडण्याआधी मुलाला कोऱ्या कागदावर पाच प्रश्न लिहायला सांगा. शनीबद्दल त्याला खरोखर काय जाणून घ्यायचं आहे, तेच लिहू दे. “शनीची माहिती” हा प्रश्न नव्हे, कारण त्याचं उत्तर कुठं थांबवायचं ते कळत नाही. मुलं साधारण असं लिहितात: शनीवर उभं राहता येईल का? कडी कशाची असतात? शनीला चंद्र किती? साडेसाती साडेसातच वर्षांची का? शनी शनिवारीच दिसतो का?

शेवटच्या प्रश्नाला हसू नका. वाराचं नाव आणि आकाशातला ग्रह यांचा संबंध मुलानं स्वतःहून जोडून पाहिला आहे. तो तपासून पाहायची सोयही घरातच आहे. शनी सूर्याच्या फार जवळ आलेला असतो तेव्हाचा काही काळ सोडला, तर तो वर्षभर कुठल्या ना कुठल्या वेळी आकाशात दिसतो, मग वार कोणताही असो.

पाच प्रश्नांतले दोन-तीन निवडावेत. उरलेले वहीच्या मागच्या पानावर राहू देत.

३. पुस्तकं असतात कुठं?

आपल्या भागातली मुलं या बाबतीत नशीबवान आहेत, आणि हे मी सीमाभागाचं कौतुक करायचं म्हणून म्हणत नाही. बेळगावात गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर पडतं, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या दोन ग्रंथालयांच्या मधोमध त्याचं घर आहे. नेपच्यून ग्रह सापडला १८४६ साली. बेळगावचं वाचनालय सुरू झालं तेव्हा त्या बातमीला दोनच वर्षं झाली होती.

मोठ्या ग्रंथालयात संदर्भ विभाग वेगळा असतो. तिथली पुस्तकं घरी देत नाहीत, तिथंच बसून वाचायची असतात. हे मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर ते कार्ड घेऊन खिडकीपाशी उभं राहतं आणि हिरमुसून परत येतं. वही, पेन्सिल आणि दोन तासांची सवड एवढं बरोबर न्यायचं.

मराठीत तीन प्रकारची पुस्तकं शोधावीत. पहिला प्रकार विश्वकोशांचा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची उभारणी केली त्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला, आणि मुख्य खंडांची संख्या वीसवर गेली. त्याच्याही आधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला होता. दुसरा प्रकार एकाच विषयावरच्या पुस्तकांचा. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांचं ‘आकाशाशी जडले नाते’ हे त्यातलं सहज मिळणारं नाव. सातवीच्या मुलाला ते सलग वाचणं जड जाईल, पण मोठ्या माणसाच्या मदतीनं हवं ते प्रकरण वाचता येतं. तिसरा प्रकार मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांचा. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर अशी पुस्तकं मूल स्वतः चाळून निवडू शकतं.

आणखी एक कपाट आपल्या मुलांना उघडता येतं, पुण्या-मुंबईच्या मुलांना नाही. मराठी माध्यमात शिकणाऱ्या इथल्या मुलाला शाळेत कन्नड असतंच. शिवराम कारंतांनी १९३६ साली मुलांसाठी ‘बालप्रपंच’ हा तीन भागांचा कोश कन्नडमध्ये काढला. म्हैसूर विद्यापीठाच्या कन्नड विश्वकोशाचा पहिला खंड १९६९ साली आला. शनी, गुरू, मंगळ, बुध, शुक्र ही नावं दोन्ही भाषांत सारखीच असल्यामुळे नोंद सापडायला त्रास होत नाही. वाचताना अडलं तर वर्गातल्या कन्नड मित्राला विचारता येतं. मूल तीन भाषांत वाढत असेल, तर त्याची पुस्तकंही तीन भाषांतली असावीत.

४. कोशात शिरायची वाट

मोठा कोश समोर आला की मूल बावरतं. तिथं मदत लागते ती नोंद कशी शोधायची एवढ्यापुरतीच. वाचून दाखवायची घाई नको.

कोशातल्या नोंदी अकारविल्हे लावलेल्या असतात, म्हणजे बाराखडी आणि मुळाक्षरांच्या क्रमानं. समजा मुलीनं श चा खंड काढला आणि मधेच उघडला. पानाच्या माथ्यावर ‘शाहू’ दिसलं. शनी पुढं असेल की मागं? ‘शा’ येतो तो ‘श’नं सुरू होणारे सगळे शब्द संपल्यावर, तेव्हा मागं जायचं. मागं गेल्यावर ‘शंकर’ दिसलं. अनुस्वाराचे शब्द सगळ्यांच्या आधी असतात, तेव्हा आता पुढं. मग शक, शत, आणि पुढं शनी. बोट पानाच्या कडेवरून फिरवत अशी नोंद एकदा सापडली, की दुसऱ्यांदा कुणाची मदत लागत नाही. जुन्या कोशांत ‘शनि’ असं ऱ्हस्व लिहिलेलं असतं, तेही पाहून घ्यावं. क्ष आणि ज्ञ काही कोशांत क आणि ज मध्ये असतात, काहींत अगदी शेवटी. ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. मूल पहिला खंड उघडून ‘अ’ शोधत बसलं तर ते त्याला सापडणार नाही. अकारविल्हे मजकूर सहाव्या खंडापासून सुरू होतो.

नोंद सापडली की थेट आकड्यांवर उडी मारू द्यायची नाही. आधी तीन ठिकाणं बघायची. नोंदीत मधेमधे ‘पहा’ म्हणून किंवा बाण दाखवून दुसऱ्या नोंदींची नावं दिलेली असतात. शनीवरून ‘ग्रह’, ‘उपग्रह’, ‘सूर्यकुल’ अशी पुढची वाट तिथूनच फुटते. नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. आणि खंडाच्या सुरुवातीच्या पानावर छापल्याचं साल असतं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे साल. मोठा कोश एका वर्षात तयार होत नाही. मराठी विश्वकोशाचे पहिले खंड १९७०च्या दशकातले, शेवटचे एकविसाव्या शतकातले. त्यामुळे ग मधला गुरू आणि श मधला शनी एकाच कपाटात शेजारी-शेजारी असले, तरी त्यांच्या नोंदींमध्ये कित्येक वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात अवकाशयानं शनीपर्यंत जाऊन आली.

५. दहा, अठरा आणि दोनशे चौऱ्याहत्तर

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा तिच्यासमोर तीन पुस्तकं आहेत.

“आबा, ह्यात दहा चंद्र लिहिलेत, ह्यात अठरा. आणि दादा म्हणतो, पावणेतीनशे!”

आबांनी इथं उत्तर सांगून टाकायचं नाही. “कुठलं पुस्तक कधीचं, बघ बरं,” एवढंच म्हणायचं. मुलीनं तिन्ही सालं लिहून काढली की गाठ आपोआप सुटायला लागते.

शनीचा पहिला चंद्र, टायटन, हायगेन्स यांना १६५५ साली दिसला. कासिनी यांनी १६८४पर्यंत आणखी चार शोधले, म्हणजे पाच झाले. हर्शेल यांनी १७८९ साली दोन सापडवले, सात झाले. आठवा हायपेरियन. तो सापडला १८४८ साली, म्हणजे बेळगावचं वाचनालय सुरू झालं त्याच वर्षी. नववा फिबी, १८९९ साली, फोटोच्या काचेवर. दूरदर्शकाला डोळा लावून न बघता नुसत्या फोटोवरून सापडलेला हा शनीचा पहिला चंद्र. पुढं १९६६ साली जेनस सापडला, दहा झाले. व्हॉयेजर यानं १९८० आणि १९८१ साली शनीजवळून गेली, आणि संख्या सतरावर पोचली. त्याच यानांनी काढलेल्या जुन्या फोटोंतून १९९० साली अठरावा निघाला. त्यानंतर मोठ्या दुर्बिणी आणि संगणक आले. मार्च २०२५मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि एकूण झाले २७४.

म्हणजे १९७५ सालच्या पुस्तकातले दहा, १९९५ सालच्या पुस्तकातले अठरा आणि दादाचे पावणेतीनशे, तिन्ही आपापल्या जागी बरोबर. मुलीनं वहीत “शनीला २७४ चंद्र आहेत” एवढंच लिहायचं नाही. “मार्च २०२५पर्यंत २७४ चंद्र मान्य झाले आहेत” असं लिहायचं. साल जोडलं की वाक्य पुढंही खरंच राहतं.

पण एवढ्यावर थांबू नये, कारण या गोष्टीत एक खाच आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. समजा मुलीला १९१०च्या सुमाराचं एखादं जुनं पुस्तक सापडलं आणि त्यातही दहाच चंद्र लिहिलेले निघाले. जेनस तर १९६६ सालचा. मग हा दहावा कोण?

ज्या पिकरिंग यांनी फिबी शोधला, त्यांनीच १९०५ साली आणखी एक चंद्र सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याला थेमिस नाव दिलं. त्या दोन चंद्रांच्या शोधाबद्दल त्यांना फ्रान्समध्ये पारितोषिकही मिळालं. काही पुस्तकांनी लगेच दहा लिहून टाकले. पण थेमिस पुन्हा कुणालाच दिसला नाही. असा चंद्र नाहीच. म्हणजे १९१०च्या पुस्तकातले दहा आणि १९७५च्या पुस्तकातले दहा, आकडा तोच, पण दहावा चंद्र वेगळा, आणि त्यातला एक तर अस्तित्वातच नाही. दोन पुस्तकांचं एकमत झालं म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, हे बारा वर्षांच्या मुलीला यापेक्षा चांगल्या रीतीनं समजावता येईल असं मला वाटत नाही. त्यासाठी नुसता आकडा पाहून भागत नाही, चंद्रांची यादी पाहावी लागते. मुलीला ती यादीच दोन्ही पुस्तकांतून उतरवायला सांगा. हे उतरवणं मात्र कामाचं आहे.

६. भिंतीवरचं पंचांग

संदर्भग्रंथ म्हटलं की आपल्याला जाडजूड खंड आठवतात. घरातलं पंचांगही संदर्भग्रंथच आहे, आणि ग्रहांच्या बाबतीत अगदी नेमका. सोलापूरचं दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षं निघतं आहे. कुठला ग्रह कोणत्या तारखेला कोणत्या राशीत गेला, कधी वक्री झाला, कधी मार्गी, हे त्यात गणितानं काढून दिलेलं असतं. फलादेश हा वेगळा भाग आहे. त्याला खगोलशास्त्राचा आधार नाही, आणि मुलाला हे तितक्याच स्पष्टपणे सांगावं. पण ग्रहांची स्थिती ही मोजलेली गोष्ट आहे, आणि ती आकाशात पडताळून पाहता येते.

आपल्याकडे बऱ्याच आजोबांच्या ट्रंकेत जुनी पंचांगं जपून ठेवलेली असतात. ती बाहेर काढा. शनी मकर राशीत गेला २४ जानेवारी २०२० रोजी. मीन राशीत गेला २९ मार्च २०२५ रोजी. मकर आणि कुंभ या दोन राशी पार करायला त्याला सुमारे ५ वर्षं २ महिने लागले. एका राशीला २ वर्षं ७ महिने. बारा राशींना किती? मुलाला गुणाकार करू दे. ३१ वर्षं येतात.

आता कोश उघडा. शनीचा सूर्याभोवतीचा फेरा साडेएकोणतीस वर्षांचा दिलेला असतो. पंचांगावरून एकतीस आले आणि कोशात साडेएकोणतीस. चूक कुणाची? कुणाचीच नाही. शनीची कक्षा अगदी वर्तुळाकार नाही. तो २०१८ साली सूर्यापासून सगळ्यात दूर होता, आणि दूर असताना ग्रह सावकाश चालतो. आपण नेमके त्या संथ काळातले दोन टप्पे मोजले. शिवाय आपली पृथ्वीही फिरते आहे. त्यामुळे शनी मधेच मागं सरकल्यासारखा दिसतो, पंचांग त्याला वक्री म्हणतं, आणि राशी ओलांडण्याची तारीख काही महिन्यांनी अलीकडे-पलीकडे होते. शनीच्या पूर्ण फेऱ्याची पंचांगं जमली, तर उत्तर साडेएकोणतिसावर येतं.

साडेसातीचं कोडंही इथंच सुटतं. साडेएकोणतीसला बारानं भागलं की एका राशीला जेमतेम अडीच वर्षं येतात. जन्मराशी, तिच्या आधीची आणि तिच्या नंतरची अशा तीन राशींतून शनी जायला लागणारा काळ म्हणजे साडेसाती. अडीच गुणिले तीन, साडेसात. आजीच्या बोलण्यातल्या या शब्दात एका ग्रहाची गती मोजून ठेवलेली आहे, हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासारखं असतं. भीती तर कमी होतेच.

७. दोन केतकर

साल तपासायची सवय लागली की माणसंही तपासावी लागतात. आपल्या भागातलं एक उदाहरण फार चांगलं आहे.

ग्रहांवरची जुनी मराठी पुस्तकं चाळताना केतकर हे नाव दोनदा भेटतं. एक ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. दुसरे ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर. पहिल्यांच्या वडिलांचं नाव व्यंकटेश, दुसऱ्यांचं स्वतःचं नाव व्यंकटेश. मूल लगेच म्हणणार, हे बाप-लेक! तसं नाही. ज्ञानकोशकारांचा जन्म १८८४ साली रायपूरचा. ज्योतिर्विद केतकर १८५४ साली नरगुंदला जन्मले. दोन वेगळी घरं. नुसती नावं जुळली म्हणून नातं जोडायचं नाही. जन्मसाल, गाव आणि काम, हे तिन्ही पाहायचं.

नरगुंद आपल्यापासून फार लांब नाही. व्यंकटेश बापूजी पेशानं शिक्षक, आणि त्यांची अखेरची वर्षं विजापुरात गेली. ‘ज्योतिर्गणितम्’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ. १९११ साली फ्रान्सच्या खगोल मंडळाच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख छापून आला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असं त्यांनी गणितानं मांडलं आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३९ पट दूर आणि २४२ वर्षांचा फेरा, हे ब्रह्माचं गणित.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत क्लाइड टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरा २४८ वर्षांचा. केतकरांचे आकडे याच्या किती जवळचे! त्याच वर्षी केतकरांचं निधन झालं.

इथं मुलाला अभिमान वाटू द्यावा, आणि त्याच दमात पुढचा प्रश्नही विचारावा. केतकरांनी ज्या आधारावर हे ग्रह मांडले, त्या आधारावर प्लूटो तिथं असायलाच हवा होता का? नाही. प्लूटो इतका हलका आहे की मोठ्या ग्रहांच्या गतीवर त्याचा काही परिणाम होत नाही. विष्णू तर सापडलाच नाही. तेव्हा आकडे जुळले हा योगायोग होता. तरीही एका शाळामास्तरानं दूरच्या ग्रहांचं गणित मांडून ते पॅरिसला पाठवलं, याचं मोल कमी होत नाही. एकाच माणसाबद्दल या दोन्ही गोष्टी वहीत लिहिता येतात, हे मुलानं शिकायला हवं.

ग्रह एकूण किती, या प्रश्नाचा घोळही इथं उलगडतो. १९३०च्या आधी छापलेल्या पुस्तकांत आठ, त्यानंतरच्यांत नऊ. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं प्लूटोला बटुग्रह ठरवलं, तेव्हापासून पुन्हा आठ. जुन्या ज्ञानकोशाच्या काळातली ग्रहांची संख्या आणि आजची संख्या एकच असली, तरी मधल्या शहात्तर वर्षांत बरंच काही घडून गेलं.

८. मैल, कोटी आणि अब्ज

आकड्यांच्या बाबतीत दोन खड्डे मुलांना हमखास लागतात. जुन्या पुस्तकांत अंतरं मैलांत असतात. शनी सूर्यापासून सुमारे ८८ कोटी ६० लाख मैलांवर आहे. मैलाला १.६ किलोमीटर धरले तर जवळपास १४२ कोटी किलोमीटर होतात. नव्या पुस्तकात १४३ कोटी दिसेल. हा फरक गुणाकारातला आहे, शनी हललेला नाही. दुसरा खड्डा इंग्रजी पुस्तकांचा. तिथलं मिलियन म्हणजे दहा लाख, आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, अर्थात एक अब्ज. १.४३ बिलियनचं मुलं सर्रास “दीड कोटी” करून टाकतात.

मोठा आकडा लिहिल्यावर तो मुलाला कळला आहे का, हे बघायची एक युक्ती आहे. शनीचा व्यास सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर, पृथ्वीचा पावणेतेरा हजार. भागाकार केला तर सव्वानऊ-साडेनऊ येतात. म्हणजे पृथ्वी हरभऱ्याएवढी धरली तर शनी मोसंबीएवढा. भागाकार मुलानं करायचा, आणि फळ-धान्य स्वयंपाकघरातून त्यानंच शोधून आणायचं.

मुलांच्या पुस्तकांत “शनी पाण्यावर तरंगेल” असं वाक्य आवडीनं छापलेलं असतं. शनीची सरासरी घनता पाण्याच्या ०.६९ पट आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचा बनलेला आहे आणि त्याला पाय टेकायला घट्ट पृष्ठभागच नाही, म्हणून शनीवर उभं राहता येणार नाही. मुलाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळालं.

९. वही लिहिताना

एका प्रश्नाला एक चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. वर प्रश्न, खाली उत्तर, त्याखाली पुस्तकाचं नाव, पान आणि छापल्याचं साल. दुसऱ्या पुस्तकात वेगळं उत्तर मिळालं तर दुसरी चिठ्ठी. पहिली खोडायची नाही.

सगळ्या चिठ्ठ्या झाल्या की पुस्तकं मिटायची. मिटूनच लिहायचं. उतरवून काढण्यावर याइतका साधा इलाज मला दुसरा माहीत नाही. “शनीची कडी बर्फाच्या आणि खडकांच्या तुकड्यांची आहेत, ती लाखो किलोमीटर पसरलेली असून जाडीला मात्र अगदी कमी आहेत” हे कोशातलं वाक्य मूल आठवून लिहील तेव्हा मोडकंतोडकं येईल. येऊ द्या. ते त्याचं असेल. मग फक्त आकडे आणि नावं चिठ्ठीवरून ताडून बघायची.

मोबाइल शेवटी घ्यावा, आणि एकाच कामासाठी: पुस्तक छापल्यानंतर काही बदललं आहे का, हे पाहायला. चंद्रांची संख्या बदलते. शनीचा दिवस किती तासांचा हेही बदललं आहे. कासिनी यान २००४ ते २०१७ शनीभोवती फिरलं. त्याच्या निरीक्षणांवरून २०१९ साली हा दिवस १० तास ३३ मिनिटांचा काढला गेला. आधीच्या पुस्तकांत १० तास ३९ मिनिटं सापडतात. व्यास, अंतर, फेऱ्याचा काळ हे मात्र जवळपास तसंच राहतं. काय जुनं होतं आणि काय होत नाही, याचा अंदाज मुलाला दोन-तीन ग्रह केल्यावर येऊ लागतो.

१०. दुसरा ग्रह घेतला तर

शनीऐवजी दुसरा ग्रह घेतला, तरी प्रत्येकाची अशी एक जागा असते, जिथं पुस्तकं एकमेकांशी भांडतात. पालकांनी ती आधी माहीत करून घ्यावी आणि मुलाला अलगद तिथवर न्यावं.

मंगळ घेतला तर कालवे. इटलीच्या शियापारेल्ली यांनी १८७७ साली मंगळावर रेषा पाहिल्या. पुढं कित्येक पुस्तकांनी त्यांचे कालवे केले, आणि कालवे खणणारी माणसंही तिथं वसवली. १९६५ साली मरिनर-४ यानानं जवळून फोटो काढले, तेव्हा तिथं खड्डे निघाले. शुक्र घेतला तर त्याच्या दिवसाची लांबी पाहावी. ढगांच्या दाट थरामुळे १९६०च्या दशकात रडारनं मोजेपर्यंत ती नीट कळलीच नव्हती, आणि तो उलट दिशेनं फिरतो हेही तेव्हाच पक्कं झालं. युरेनस घेतला तर १९७७च्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन पुस्तकं काढावीत. त्या वर्षी त्याची कडी सापडली. त्याआधीच्या पुस्तकांत कडी फक्त शनीलाच असतात.

बुध सगळ्यात छोटा म्हणून मुलं त्याला टाळतात, पण माझ्या पसंतीचा तोच. १९६५ सालापर्यंतची पुस्तकं ठामपणे सांगत, की बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते, म्हणजे तो ८८ दिवसांत सूर्याभोवती एक फेरा मारतो आणि तेवढ्याच दिवसांत स्वतःभोवती एकदा फिरतो. त्या वर्षी रडारनं मोजलं तेव्हा कळलं, की स्वतःभोवती फिरायला त्याला सुमारे ५९ दिवस लागतात. दोन फेऱ्यांत तो बरोबर तीन गिरक्या घेतो. ८८ दुणे १७६, आणि ५९ त्रिक १७७. मुलाला हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहू द्या. एकाचा फरक का आला, हे त्याला दशांशापर्यंतचे आकडे देणाऱ्या पुस्तकातून शोधू दे: ८७.९७ आणि ५८.६५.